पडलेला नट आधी गाडीत शोधा, अंगणात नंतर

सर, बाकीचं नंतर. ती सर्क्लिप, म्हणजे पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी, सापडेपर्यंत किकला पाय लावू नका, आणि गाडी गिअरमध्ये टाकून ढकलूही नका.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर दर्यापूर तालुक्यात खेड्यावर राहतात. वडिलांची राजदूत मोटारसायकल घरच्या अंगणात स्वतः खोलतात, सासऱ्यांची जुनी महिंद्रा जीपही दारात उभी आहे. काम करताना नट, वायसर, लॉक हातातून निसटतात आणि सापडत नाहीत. चुंबक फिरवला की नट येत नाही, काळी मातीच दाढीसारखी चिकटून वर येते. परवा पिस्टन काढताना गजन पिनची एक सर्क्लिप टुणकन उडाली, ती अजून गायब आहे. आणि शेवटी त्यांनी विचारलं आहे की दोन-चार रुपयांच्या नटासाठी अर्धा दिवस का घालवायचा, नवा टाकून मोकळं का होऊ नये?

सर्क्लिपपासून सुरू करतो, कारण बाकी वस्तू हरवल्या तर काम अडतं, ही हरवली तर इंजिन जातं.

राजदूतचं 173 सीसीचं इंजिन टू-स्ट्रोक. ब्लॉक उचलला की खाली थेट क्रँकचं पोट (क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो खोका) उघडं पडतं, मध्ये काहीच आडवं नसतं. वर पेट्रोल-ऑइलचं मिश्रण याच पोटातून बाजूच्या वाटांनी पिस्टनवर चढतं. म्हणजे तिथे पडलेला तारेचा तुकडा तिथेच गप्प बसेल असं नाही. तो क्रँकच्या दोन पाळ्यांच्या आणि खोक्याच्या मध्ये चिरडला जाईल, नाहीतर हवेबरोबर वर जाऊन पिस्टन आणि ब्लॉकमध्ये ओरखडा पाडेल. म्हणून नवीन सर्क्लिप तर टाकायचीच आहे, एकदा काढलेली परत वापरायची नसतेच, पण जुनी कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ब्लॉक बसवायचा नाही. ती अंगणात सापडली तर उत्तमच. दोन्ही टोकं शाबूत आहेत का तेवढं पाहा. एखादं टोक तुटलेलं असेल तर शोध अजून संपलेला नाही.

आत आहे का ते असं पाहा. क्रँक आहे त्याच जागी राहू द्या. टॉर्च तिरका धरून कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही बाजूंना बघा, मग मिश्रणाच्या वाटांच्या खाचांमध्ये बघा. सर्क्लिप स्प्रिंग स्टीलची असते, चुंबकाला नक्की धरते. अडचण अशी की क्रँकही लोखंडाचाच, त्यामुळे काडीला लावलेला चुंबक वाटेतच क्रँकला जाऊन चिकटतो. यावर उपाय सोपा आहे. जुन्या रेडिओच्या एरियलच्या टोकाला छोटा चुंबक चिकटवा आणि त्याच्या कडेभोवती जाडसर रबरी नळीचा तुकडा चढवा, फक्त तोंड उघडं ठेवा. मग तो बाजूला कमी ओढला जातो आणि तळापर्यंत उतरतो.

तरीही हाती लागली नाही आणि ती बाहेर पडल्याचा पुरावाही नाही, तर इंजिन उतरवायची तयारी ठेवा. कंटाळा येतो, मला कळतं. गिअरबॉक्सचं ऑइल काढा, इंजिन गाडीतून उतरवून पांढऱ्या कापडावर उलटं धरा, रबरी हातोडीने खोक्यावर हलके ठोके द्या. उलटं धरलेलं असतानाच क्रँक किंचित मागेपुढे करा, पूर्ण फिरवू नका, कुठे अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. मग थोडं रॉकेल किंवा डिझेल ओतून हलवा आणि परातीवर फडकं धरून गाळून घ्या. रॉकेलने बेअरिंगवरचं तेल धुऊन जातं, म्हणून जोडणीआधी टू-स्ट्रोक ऑइल भरपूर सोडायला विसरू नका.

फोर-स्ट्रोक गाड्यांत, म्हणजे सीडी हंड्रेड किंवा स्प्लेंडरमध्ये, हीच भीती टायमिंग चेनच्या गाळ्याची. हेड उघडं असताना व्हॉल्वचं लॉक किंवा वायसर त्या गाळ्यात गेलं की डाव्या बाजूने मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, दिशेला घरंगळतं. आधी काडीचा चुंबक घाला, नाही आलं तर मॅग्नेटचं कव्हर उघडा. ऑइलमध्ये गेलं असेल तर ऑइल फडक्यातून गाळून काढा. जीपचं उलटं, तिथे खड्डा वर आहे. एअर क्लिनर काढताना त्याचा नट कार्बोरेटरच्या घशात पडतो. तेव्हा चावीला हात लावायचा नाही, कार्बोरेटर उतरवायचा आणि खालच्या मॅनिफोल्डमध्ये पाहायचं.

आता बाकीच्या, म्हणजे बाहेर पडलेल्या वस्तूंकडे येऊ.

हातातून काही निसटलं की माणूस लगेच खाली वाकतो आणि पाय हलवतो. अंगण ओलं असेल तर तोच पाय नटाला मातीत दाबून टाकतो. जागचे हलू नका. आवाज ऐकलात ना, तो आठवा. धातूवर धातू वाजून पुढे काहीच ऐकू आलं नाही, तर वस्तू गाडीतच कुठेतरी अडकली आहे. वाजली आणि मग मातीवर थप झालं, तर गाडीवर आपटून बाजूला उडाली. नुसतं थप झालं तर हाताच्या बरोबर खाली बघा. आणि आवाज झालाच नसेल तर आधी आपले कपडे तपासा: पायजाम्याची दुमड, बनियनचा घेर, गळ्यातला दुपट्टा, चपलेच्या तळाची खाच. गॅरेजमध्ये नवा पोरगा तासभर जमीन धुंडाळतो आणि वायसर त्याच्या खिशात असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पहिली झडती पोराची घेतो.

माझं ठाम मत असं की घरी काम करणारे लोक जमिनीवर फार लवकर जातात. जुन्या गाडीला किती ओटे आणि कोनाडे असतात ते बघा. राजदूतला इंजिन आणि फ्रेममधली फट, मडगार्डची आतली कड, चेन कव्हरचा तळ, सायलेन्सरच्या पट्टीमागची जागा. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ बसून या जागा मऊ झालेल्या असतात. नट तिथे रुततो, वाजतही नाही. जीपची चेसिस तर उघड्या पन्हाळीसारख्या घडणीची आहे. इंजिनवरून पडलेला बोल्ट त्या पन्हाळीत, क्रॉस मेंबरवर, बेल हाउसिंगच्या डोक्यावर, स्टार्टरच्या मागे किंवा पाट्यांच्या स्प्रिंगवर जाऊन बसतो. ट्रॅक्टरवर डिझेल टाकीखालची जागा आणि गिअरच्या पेटीचा सपाट माथा आधी बघा.

डोळा पोचत नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा घाला, टॉर्च लावून व्हिडिओ काढा आणि मग निवांत बसून पाहा. बोटं फिरवा, पण हळू. घाईत फिरवलेलं बोटच वस्तू पुढच्या फटीत ढकलतं. तरीही नाही दिसलं तर खाली पांढरी चादर अंथरा आणि रबरी हातोडीने चेसिसला ठोके द्या.

जीपखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. आपल्या काळ्या जमिनीत जॅक खचतो. खाली जाड फळी द्या, चाकांना पुढून-मागून दगड लावा, चेसिसखाली बाभळीचे भक्कम ओंडके उभे करा आणि गाडी हलवून बघून मगच शिरा. दहाचा नट त्यापेक्षा मोठा नाही. बॅटरीजवळ शोधत असाल तर निगेटिव्हची केबल आधी सोडा, कारण पडलेला पाना किंवा चिमटा दोन टोकांवर आडवा झाला की पुढचं सांगायला नको.

गाडी पूर्ण झडली, आता जमीन.

पहिली गोष्ट, वस्तूच्या आकारावरून अंतर ठरवा. सहा कोनांचा नट फार लांब जात नाही. वायसर कडेवर पडलं तर घरंगळत भिंतीपर्यंत जातं. हँडलच्या कोनातले (बेअरिंगमधले) छर्रे उताराकडे पळतात. अंगणाचा उतार कळत नसेल तर पावसाचं पाणी कुठून वाहून जातं ते आठवा, छर्रा त्याच वाटेने गेलेला असतो. सर्क्लिप आणि स्प्रिंग मात्र पडत नाहीत, उडतात. त्यांच्यासाठी पिस्टनचं तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूची भिंत, तिथलं सरपण, खाट, कपड्यांची दोरी, सगळं बघावं लागतं.

अंदाज येत नसेल तर तसाच दुसरा नट त्याच जागेवरून मुद्दाम सोडा आणि घरातल्या कोणाला तरी बाजूला उभं करून तो कुठे जातो ते पाहायला सांगा. दोन-तीनदा केलं की पहिल्याचा पत्ता बऱ्याचदा लागतो. मात्र दुसऱ्या नटाला रंगीत सुतळीचा तुकडा बांधा, नाहीतर दोन शोधत बसावे लागतील.

उजेड महत्त्वाचा. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, सावल्या आखूड पडतात आणि काळ्या मातीवर गंजका नट मातीचाच खडा वाटतो. अंधार पडू द्या. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा ठेवा आणि स्वतःही गाल जमिनीजवळ न्या. प्रत्येक खड्याची लांब सावली पडते आणि नटाची कड चमकते. खेड्यात रात्री लाईन जाते म्हणून आपण बोटं मोडतो, पण या एका कामाला ती गेलेली बरी. शेणाने सारवलेल्या अंगणात हे काम पटकन होतं. मुरूम टाकलेलं अंगण सगळ्यात वाईट, तिथे सावली देणारे खडे हजारो.

आता चुंबकावर माती का चिकटते ते. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या, बेसाल्टच्या झिजेतून आलेली आहे. त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांच्या रूपात असतं आणि तेच कण चुंबकावर उभे राहतात. दोष तुमच्या चुंबकाचा नाही. जुन्या स्पीकरचा कडीसारखा चुंबक घ्या, तो पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) गुंडाळा आणि दोरीने बांधून जमिनीपासून बोटभर वर, सावकाश फिरवा. जमिनीवर घासू नका. इतक्या वरून नट उडी मारून येतो, माती मात्र कमी येते. काही चिकटलं की पांढऱ्या कागदावर न्या, पन्नी उलटी करून चुंबक बाहेर ओढून घ्या. माती आणि नट दोन्ही कागदावर गळून पडतात. पन्नीशिवाय चुंबक साफ करायला बसलात तर रात्र होईल.

चुंबक कशाला उचलत नाही हेही डोक्यात ठेवा. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) पितळी असतात, ड्रेन बोल्टखालची वायसरं तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची, बुश ब्राँझचे, काही वायसरं फायबरची. स्टेनलेसचे बरेचसे स्क्रूही चुंबकाला दाद देत नाहीत. अशा वेळी मऊ फड्याने, खराट्याने नव्हे, संशयित जागेची माती एका ढिगात गोळा करा. खराट्याच्या काड्या बारीक वस्तू भिरकावून देतात. मोठा तुकडा असेल तर गव्हाची चाळणी पुरते. जेटसारखी बारीक वस्तू असेल तर माती घमेल्यात भिजवा, चिखल पातळ होऊ द्या आणि गोल हलवत वरचं गढूळ पाणी थोडं थोडं सोडत राहा. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, मातीतला दगड पावणेतीन पटीच्या आसपास, त्यामुळे जेट तळाला राहतो. अॅल्युमिनियमला ही युक्ती लागू नाही, त्याचं वजन दगडाइतकंच. कोरड्या मातीला सूप चालतं, पण ते तुम्ही हातात घेऊ नका, घरच्या बाईला विनंती करा. आपल्याला पाखडता येत नाही, आपण नुसती धूळ उडवतो.

उन्हाळ्यात तुमच्या भागात आणखी एक संकट: भेगा. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली जमीन चैत्र-वैशाखात हात जाईल इतकी फाटते आणि गाडी अंगणाच्या कडेला, वावराच्या बाजूला उभी असेल तर बोल्ट थेट भेगेत जातो. काडीने टोकरू नका, कडेची माती आत ढासळते आणि बोल्ट गाडला जातो. पाणीही ओतू नका. ही चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि भेग मिटवून घेते. चुंबक दोरीला बांधून सरळ खाली सोडा. तो कडांना चिकटत नाही, म्हणून इथे काम इंजिनपेक्षा सोपं आहे. नाही आला तर भेगेच्या शेजारी हातभर खड्डा घेऊन बाजूने उकरत भेगेपर्यंत जा. आणि हे पहिल्या पावसाआधी करा.

आता तुमचा खरा प्रश्न, शोधायचं तरी का.

साधा सहा मिलिमीटरचा नट असेल, इंजिनच्या आत गेलेला नाही याची खात्री असेल आणि अंगणात ढोरं नसतील, तर मीही म्हणेन सोडून द्या. पण तुमच्या अंगणाला लागून गोठा आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे. गाय-बैल चारा जिभेने ओढून गिळतात, आपल्यासारखा निवडून खात नाहीत. कुटारात मिसळलेली तार, खिळा, स्प्लिट पिनचा तुकडा पोटात जातो आणि जाळीच्या कप्प्यात बसतो. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ, मध्ये पडदा तेवढा. टोकदार तुकडा पोटाच्या आकुंचनाने पुढे सरकत हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. जनावर चारा सोडतं, रवंथ बंद करतं, पाठ वाकवून उभं राहतं, उतारावर चालताना कण्हतं. असं दिसलं तर पशुवैद्यकाला बोलवा आणि तार हरवल्याचं आठवणीने सांगा. डॉक्टर जनावराला चुंबक गिळायला देतात, तो त्याच कप्प्यात राहून लोखंड धरून ठेवतो. तेव्हा गुळगुळीत नट राहिला तर राहू द्या, पण तारा, सर्क्लिपा, स्प्लिट पिना अंगणात राहू देऊ नका. कोंबड्या असतील तर चमकणारी बारीक वस्तू त्या टिपतात, जेट काढताना त्यांना खुराड्यात घाला.

दुसरं कारण, जुन्या गाडीचा नट बाजारात मिळेलच असं नाही, आणि जवळपासचा टाकला तर धोका. राजदूतचं ठीक आहे. एस्कॉर्ट्सने ती पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतली, तिचं माप मिलिमीटरमध्ये. पण जुनी महिंद्रा जीप अमेरिकेच्या विलीज जीपच्या वंशाची, तिच्यात इंचाचे आटे भेटतात. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा असतो, दुकानदार हातात 8 मिलिमीटरचा देतो, डोळ्याला दोन्ही सारखे. बारीक आट्याच्या 5/16 मध्ये इंचाला 24 आटे, 8 मिलिमीटरच्या साध्या बोल्टमध्ये साधारण 20. एक-दोन फेऱ्या छान जातो, मग अडतो, आपण पान्याला जोर देतो आणि बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भोकातले आटे कायमचे जातात. ओळख सोपी आहे: शेजारच्या बोल्टवर तेराचा पाना किंचित ढिला बसला आणि बाराचा बसलाच नाही, तर तो अर्ध्या इंचाचा पाना मागतो आहे. असा नट हरवला तर शोधाच. ब्रेक, स्टिअरिंग आणि एक्सलवरच्या नटाला तार बांधून वेळ मारून नेऊ नका, तिथे गाडी उभी राहिली तरी चालेल.

पुढच्या वेळेसाठी थोडं. गाडीखाली पांढरं जुनं धोतर किंवा चादर अंथरा आणि कडांखाली विटा सरकवून काठ उचला. ताडपत्री नको, तिच्यावर नट टणकन उडतो आणि छर्रा पळतो. बारदाना तर मुळीच नको, सर्क्लिप त्याच्या विणीत शिरते. इंजिनचं प्रत्येक उघडं तोंड एकाच मोठ्या फडक्याने बुजवा, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा; चिंध्यांचे बारीक तुकडे कोंबले तर एखादा आतच राहतो. गोटी पान्यात चिमूटभर ग्रीस लावलं की नट सुटत नाही. काढलेले नट अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवा.

आणि सर्क्लिप काढताना पिस्टन मोठ्या पारदर्शक पन्नीत घ्या, पन्नीचं तोंड रॉडभोवती दोरीने आवळा, बाजूला छेद देऊन त्यातून फक्त टोकदार पक्कड आत घाला. उडू दे तिला हवी तेवढी, पन्नीतच राहील. नवी बसवताना तोंड वर किंवा खाली ठेवा, पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका, आणि बसल्यावर पेचकसने हलकेच फिरवून पाहा. खोबणीत पूर्ण बसलेली सर्क्लिप जागेवरच सरकते, वर उचलत नाही.